भेग क्रमांक एकेचाळीस

ओहोटीच्या वेळी याकोमिना भिंतीवरून खाली उतरते,
कमरेला दोर, खिशात भेगा मोजायची पट्टी.
झेलंडच्या या नव्या बंधाऱ्यावर
मार्चमध्ये तिनंच पिवळ्या रंगानं लिहिलं होतं : ४१.
रुंदी दोन केसांएवढी,
लांबी कोपरापासून मनगटापर्यंत.

आकडा आहे. भेग नाही.
तिच्या जागी पांढुरकी रेघ,
दूध उतू गेल्यावर पातेल्याला राहते तशी.

काँक्रीट कालवतानाच आत झोपलेले जीव घातले होते,
सोबत त्यांची शिदोरी.
पाणी झिरपेपर्यंत ते उठत नाहीत.
झिरपलं की उठतात, खातात, चुना करतात
आणि आपल्याच चुन्यात चिणले जातात.
एका गळतीपुरतं आयुष्य.

तिचा बाप पलीकडच्या जुन्या भिंतीवर
हातोडी वाजवत फिरायचा.
भिंत खोटं बोलली की त्याला आवाजावरून कळायचं.
संध्याकाळी जेवताना टेबलही ठोकून बघायचा,
सवयीनं.

वर गाडीत, ओल्या बोटांनी ती टॅबलेटवर फॉर्म भरते.
स्थिती : बंद.
दुरुस्ती कोणी केली?
रकाना रिकामा ठेवला की लाल होतो,
पुढं सरकू देत नाही.

ती लिहिते : पाणी.
पुसते.
तोवर थर्मासमधली कॉफी निवते, भरती चढते,
एकेचाळीसवर येऊन चाचपते,
आत जायला वाट आहे का ते.

मग ती लिहिते : घरातलंच कुणीतरी.

फॉर्मला चालतं.
तो बेचाळीसबद्दल विचारतो.