नाना पेठ, दुपारी चार

ताहेरभाई टायर उभा करतात,
पाठीवर थाप मारतात,
बाजारात बैल दाखवावा तशी.
मी नक्षीच्या खोबणीत बोट घालते:
दुसऱ्या पेरापर्यंत जातं.

"चिखल सगळेच धरतात, ताई.
सोडतो कुठला, ते बघा."

मागच्या आषाढात वेल्ह्याच्या उतारावर
ट्रक आसापर्यंत रुतला.
सुदाम चाकाखाली दगड सारत राहिला,
चाक जागच्या जागी फिरत राहिलं
लिंपलेल्या चुलीसारखं गुळगुळीत.
खडी तिथंच उतरवली. फुकट.

"डांबरावर घोंघावतो मात्र हा.
कात्रजपासून घरापर्यंत ऐकाल."

घोंघावू दे.
घरी कळेल तरी, मी येतेय.

सहा नग. अर्धे पैसे आज,
उरलेले दिवाळीला.
सही करताना चेकवर
बोटाची काळी रेघ उमटते.
ताहेरभाई चेक उजेडात धरतात.
"चालेल," म्हणतात.