वर्णनात्मक नोंद

पहिल्या आठवड्यात मी लिहिलं : मुलगा आळशी आहे.
खांबेटे मॅडमनी त्या शब्दाभोवती लाल गोल काढला
आणि विचारलं, कुठे बसला होता हा आळशी?
कितव्या रांगेत? शर्ट कसला होता त्याच्या अंगात?
मला सांगता येईना.
"मग जे दिसलं नाही ते लिहू नये, पोरी.
नऊ दहाला काय दिसलं ते लिही."

तेव्हापासून मी घड्याळ लावून बघते.
वडारवाडी, बालवाडीचा मोठा गट,
पट बावीस, हजर सतरा.
९.१० : दुर्गेशने दप्तर उघडलं नाही.
९.१४ : डाव्या हाताची करंगळी उजव्या मुठीत धरली.
९.२० : जांभई.
९.२१ : जांभई.
९.२६ : अलिशाची पडलेली पेन्सिल उचलून
तिच्या मांडीवर ठेवली, तिच्याकडे न बघता.
जांभया कशामुळे, ते दिसत नाही.
दिसत नाही म्हणून लिहिलं नाही.
सुटताना त्याची आई दारात म्हणाली,
रात्री सेनापती बापट रस्त्याला काम होतं,
केबलच्या चरीशेजारीच झोपलं पोरगं, डंपरच्या उजेडात.
हे ऐकलं.
ऐकलेलं कुठल्या रकान्यात घालायचं
ते आम्हाला अजून शिकवलेलं नाही.

आज पडताळा सूचीतलं कलम सात :
वस्तू लहान-मोठ्या क्रमाने लावतो.
सतरंजीवर मी मांडले
चेंडू, लाकडी ठोकळा, विटेचा तुकडा,
गॅरेजवाल्याकडून मागून आणलेला लोखंडी नट
आणि टीव्हीच्या खोक्यातला थर्मोकोल, उशीएवढा.
"दुर्गेश, लहानापासून मोठ्यापर्यंत लाव बरं."

तो बघेना.
म्हणजे डोळ्यांनी बघेना.
एकेक वस्तू तळहातावर घेऊन
कोपरातून हलका झोका दिला,
भंगारवाला काटा काढायच्या आधी देतो तसा,
आणि खाली ठेवली.
सगळ्यात आधी थर्मोकोल.
मग चेंडू. मग ठोकळा.
नट आणि वीट यांच्यापाशी अडला.
दोन्ही हातांत दोन घेऊन उभा राहिला, डोळे मिटून.
वर्गात गोंगाट, कुणीतरी कुणाचा तरी खाऊ सांडलेला,
आणि मध्यभागी हा,
एक खांदा किंचित खाली.
नट शेवटी ठेवला.

माझ्या कागदावर तीन चौकटी :
येतं. मदतीने येतं. येत नाही.
मी पेन उचललं.
"चुकलं का?"
हे त्याने मला नाही, पेनाला विचारलं.
मी पेन मांडीखाली घातलं. म्हटलं,
"हा थर्मोकोल बघ की केवढा मोठा. मग आधी का रे?"
त्याने माझ्याकडे पाहिलं,
मोठी माणसं मला पाहायची तसं,
गणित सोपं असूनही जमत नसलं की.
"ह्यो कुठं मोठाय बाई? ह्यो नुसता फुगलाय."

चौकटी कोऱ्या ठेवल्या.
समासात त्याचं वाक्य लिहिलं,
ह्यो-चा हा केला नाही.
मॅडमनी वाचलं, चष्मा कपाळावर सरकवला.
मला वाटलं, आता काही मोठं बोलतील.
"चौकट कोरी चालत नाही, ऑफिसला लागते," म्हणाल्या.
आणि जिन्यावरून, मागे न वळता :
"उद्या दोऱ्या घेऊन विचार. पाच.
प्रश्न त्याच्या हाताला कळला, तुझ्या तोंडाला नव्हता कळला."

डेक्कनच्या स्टॉपवर बसची वाट बघताना
एका हातात नोंदवही घेतली, दुसऱ्यात रिकामा डबा,
डोळे मिटले, कोपर हलवलं.
शेजारच्या काकू जरा सरकून उभ्या राहिल्या.
काही कळलं नाही. दोन्ही सारखेच वाटले.

हॉस्टेलवर सुतळी दातांनी तोडली. पाच तुकडे.
दोन जवळजवळ सारखे झाले.
ते तसेच ठेवलेत.
बघू, त्याला काय दिसतं.