दम

दारव्ह्याच्या अलीकडे, जिनिंगच्या भिंतीला टेकून
कारंज्याच्या कंपाउंडरची एकसष्ट सालची बुलेट.
खाली पुठ्ठा. पुठ्ठ्यावर पसरत जाणारा काळा डाग.

आधीच्यांनी तीनदा गॅस्केट बदललं,
टॅपेटच्या झाकणाला एम-सील थापलं.
गुणवंत मिस्त्री काहीच खोलत नाही.
डिझेलनं इंजिन धुतो, शाळेतून मागून आणलेला खडू
कुटून उडवतो त्यावर, घामोळ्यांवर पावडर उडवावी तसा,
अन् किक मारतो.

आम्ही उकिडवे बसून पाहतो. पांढऱ्यावर ओल
एका जागी नाही, जिथं जिथं जोड
तिथं तिथं फुटते.

"इतक्या जागी एकदम फाटत नसते," तो म्हणतो.
"हिले बाहीर सोडाले वाट नाही. दम कोंडला."

ब्रीदरच्या नळीला बोट लावतो.
फूस नाही.
तार घालतो. अडते.
मग माती निघते, कुंभारीणमाशीनं लिंपलेली,
आत दोन हिरवे कोळी,
मेलेले नाहीत, जिवंतही नाहीत.

आठ महिने गाडी उभी होती. कंपाउंडर कुठं होता
ते त्यानं सांगितलं नाही. आम्ही खडू झटकत राहिलो.

रबराची चोच वाळून लाकूड झालेली, ती नवी टाकली.
आता नळी बोटावर फुंकते, गरम, तेलकट,
थांबून थांबून.

तो गेला. पुठ्ठा राहिला.
दुपारी कुंभारीण आली, तोंडात ओली गोळी घेऊन.
भिंतीपाशी, पुठ्ठ्यावर, मिस्त्रीच्या कानाजवळ
बराच वेळ
नळी शोधत होती.