अर्धी झळाळी

नवरात्र उलटलं की पास्कू मेंडिस
मालवणात, दांडीच्या किनाऱ्यावर, सकाळी नऊला उभा राहतो.
हात कपाळावर, मान डावीकडे कललेली;
चाळीस वर्षं रापणीचा दोर त्याच खांद्यानं ओढला त्याची ती कलणी.
तो बोट दाखवेल तिकडे होडी जाते.
यंदा त्याचं बोट चुकलं.
दोनदा.

माझ्या चष्म्याच्या दुकानात येऊन स्टुलावर बसला:
“पाणी दिसना नाय गो, आरसोच दिसता.”
मोतीबिंदू पाहिला. नव्हता.
नंबर पाहिला. वयाच्या मानानं बरा.
मग खालच्या खणातून काढली ती काळसर काच,
जी मी पर्यटकांना रंगावर विकते
आणि जिचं खरं काम कुणी विचारत नाही.

त्यानं विचारलं.

आता याला कसं सांगू.
उजेड थरथरत येतो, म्हटलं,
उभा, आडवा, तिरका, जमेल तसा,
पण पाण्यावर तिरपा आपटून उसळला
की बहुतेक आडवाच उरतो.
तो जरा थांबला. म्हणाला, “लेपो.”
हो, लेपोच. वाळूला चिकटून पसरलेला, सपाट.
आणि ह्या काचेत जणू फटी आहेत,
डोळ्याला न दिसणाऱ्या, सगळ्या उभ्या.
“म्हणजे सरंगो जातलो, लेपो अडकतलो.”
कॉलेजात आमच्या सरांना तीन तास लागले होते.

मी दोन काचा एकीवर एक धरल्या, एक फिरवली:
खिडकी, खिडकीतली सायकल, समोरचं सोलकढीचं हॉटेल
हळूहळू विझत गेलं.
माकुलाला हे न शिकताच दिसतं म्हणे, मी सांगितलं,
उजेड उभा की आडवा ते.
पास्कू हसला. “म्हणान तां जाळ्यात गावना नाय.”

चार दिवसांनी लिलावात गोंधळ.
बांगड्याची पाटी काट्यावर, चष्मा नाकावर,
आणि पास्कू ओरडतोय, “आकडो मेलो! लुबाडतत माका!”
व्यापारी शपथ घेतोय, बायका हसतायत.
मला फोन आला. मी फोनवरच म्हटलं,
काका, मान सरळ करा.
पलीकडे बराच वेळ नुसता समुद्र.
मग: “इलो. अठरा किलो.”
काट्याच्या आकड्यांवरही तसलीच काच असते,
कललेल्या मानेला ती आकडा देत नाही.

मला वाटलं, झालं, जमलं.

आठव्या दिवशी त्यानं चष्मा काउंटरवर ठेवला, उताणा.
“पोटातला सगळा दिसता.
दगड, शेवाळ, पायाकडचो खेकडो पण.”
मग तक्रार काय?
तो दाराबाहेर बघत राहिला, जिथून समुद्र दिसत नाही.
म्हणाला, थवा लांब असतो तेव्हा मासा कुठे दिसतो?
तेव्हा दिसतं ते फक्त पाण्याचं शहारणं,
चकाकीत पडलेली एवढीशी खरवड,
आणि तुझी काच नेमकी तीच पुसून टाकते.
“पाण्याची साल माका व्हयी गो. पोट पण व्हया.”

मी गप्प.
आरसा त्याचा शत्रू आहे असं मीच ठरवलं होतं.

“एका डोळ्याक ही काच घाल. दुसऱ्याक साधी.”

डोकं दुखेल, मी म्हटलं.
“दुखांदे.”

रात्री उशिरापर्यंत बसून डावी काच काढली,
साधी घासून बसवली. तिला नंबरही नव्हता.
सुटी झालेली काळसर काच हातात घेऊन
सकाळी मागच्या अंगणात गेले.
सूर्य उजव्या हाताला ठेवून ती समोरच्या आभाळावर फिरवली:
निळं गडद. निळं फिकं. पुन्हा गडद.
इतकी वर्षं विकतेय, आभाळावर कधी धरली नव्हती.

बिल करताना अडलं.
रकान्यात दोन डोळ्यांसाठी एकच ओळ छापलेली.
काय लिहू, विचारलं.
पास्कूनं चष्मा घातला,
एक डोळा मिटला, मग दुसरा, मग पहिला,
आणि मान डावीकडे टाकून म्हणाला,
“लिव. झळाळी, अर्धी, परत दिली.”