रात्रपाळी

एकोणतीस वर्षं एक्सचेंजमध्ये
मी रात्रीची होते.
इंदूरहून खंडवा, खंडव्याहून भुसावळ,
"तीन मिनिटं झाली, वाढवू?"
मरणाच्या बातम्या, मुलगी झाल्याच्या,
कापसाचे भाव,
सगळं माझ्या कानाला घासून गेलं
आणि मी कुठल्याच वाक्यात नव्हते.

मग बोर्ड गेला, वायरी गेल्या, मीही निवृत्त झाले.
कानाचा मात्र कुणी निरोपसमारंभ केला नाही.
तो अजून दोन वाजता उठून बसतो
खुर्चीत, हेडफोन लावून.

दोनला सराफ्यातून परतणाऱ्या पोरांच्या मोटारसायकली.
नंतर रस्ता झाडणाऱ्या बायांचे खराटे.
तीनला एक कुत्रं,
आणि त्याला उत्तर देणारं रामबागेतलं दुसरं,
लाईन जोडून दिल्यासारखं.
मी आपली छताकडे बघत
शहराची हजेरी घेते.

गोळी नको, म्हणाल्या डॉक्टर रेशीमवाले.
कुमुदिनीताई, झोप ओढून आणता येत नाही,
तिच्यासाठी वाट झाडून ठेवायची.
(वाट झाडायची! हे इंदुरात सांगावं लागतं?)
चारनंतर चहा बंद.
त्या दिवशी मी दवाखान्यातून थेट कोपऱ्यावर गेले
आणि पावणेचारला दोन कप प्यायले,
उद्या एकादशी असल्यासारखे.

आठवडाभर डोकं ठणकलं.
घड्याळाचं तोंड भिंतीकडे केलं,
तर त्याची पाठही टिकटिकते.
मग ते स्वयंपाकघरात, लोणच्याच्या बरणीमागे.
मोबाईल रात्री शेवेच्या डब्यात.
डबा रिकामाच होता.
अकरा वाजता लवंगी शेव कोण खातं, विचारलं होतं त्यांनी,
मी टेबलावरच्या काचेकडे बघत राहिले होते.
समीहनला कळवलं, साडेअकराला फोन नको.
आता तो आठला करतो,
हिंजवडीत ऑफिसच्या जिन्यात उभा राहून,
घाईत,
पण मधे जांभई देत नाही.

झोप आली नाही तर अंथरुणात लोळू नका.
म्हणून उठते, बारक्या दिव्याखाली तांदूळ निवडते.
दिवाळीपर्यंत घरातले निवडून संपले,
मग शेजारच्या खासगीवालेबाईंचे आणले.
त्या म्हणाल्या, अहो, हे पाकिटातले, यात खडे नसतात.
म्हटलं, असू द्या.

एका रात्री ताटात खडा निघालाच.
देवासचा एक माणूस, अकोल्याचा एक नंबर.
घंटा जात होती, कुणी उचलत नव्हतं.
"अजून एकदा लावून बघा, बाई."
लावला. पुन्हा लावला.
सहाला माझी पाळी संपली
आणि पुढच्या मुलीला सांगायचं
मी विसरले.
इतकंच.
त्याचं पुढे काय झालं, कुणाला विचारणार?
तो खडा मी फेकला नाही,
ताटाच्या कडेला वेगळा ठेवला.
आणि बाकीचे तांदूळ तसेच टाकून
आत गेले.

परवा मंगळवारी
कचऱ्याची गाडी गाणं वाजवत गल्लीत आली
आणि गेली.
ओला, सुका, दोन्ही बादल्या काठोकाठ, दारातच.
या शहरात एवढी बेअब्रू पुरते.
खासगीवालेबाई दार बडवत होत्या,
"कुमुदिनीताई! बऱ्या आहात ना?"
उघडलं तेव्हा
माझ्या गालावर उशीच्या अभ्र्याची घडी होती.
पावणेआठ झालेत, त्या म्हणाल्या.
मी घड्याळ शोधायला लागले,
ते कुठे ठेवलंय
आठवेना.

काल पुन्हा दोनला जाग.
खराटे ऐकले,
कुणीतरी कुणाला हाक मारली, कुणीतरी हसलं.
म्हटलं, रात्रपाळी यांची आहे.
कूस बदलली.