हातचा

ऑक्टोबरात आमच्या वर्गात सगळ्यांचे हात काळे.
अक्रोडाची हिरवी साल सोलली
की तिचा रंग महिनाभर नखांतून हटत नाही.
साबण हरतो, राख हरते.
गुलसारा बाई फळ्यावर बेरीज मांडायच्या
आणि त्या काळ्या बोटांवर आम्ही हातचे धरायचो.
निम्मे बाक रिकामे.
ती पोरं वर जंगलात, फांद्या हलवत.

आई मला फक्त रविवारी पाठवायची.
शेजारीण म्हणाली, हुरमातोय, वेडी आहेस,
पोर दिवसाला दहा किलो वेचते,
सहाशे सोम शाळेत बसवून ठेवतेस.
आई म्हणाली, सहाशे मलाही दिसतात.
शाळेचा दिवस केवढ्याचा, ते आज दिसत नाही.
दिसत नाही त्याला मी शून्य धरत नाही.

तीच शेजारीण रात्री अक्रोड फोडायची,
हातोडी घेऊन, चुलीशी.
फोडलेल्याला भाव जास्त, हे सगळ्या आर्सलानबाबला ठाऊक.
आईनं एकदा दहा किलो फोडून पाहिले:
अडीच किलो अख्खा गर, दीड किलो चुरा,
सहाशेचे झाले सहाशे ऐंशी.
आणि गेल्या दोन रात्री.
त्या दोन रात्रींत कुरपाचा शिवली असती
तर दोनशे मिळाले असते.
म्हणजे मी ऐंशी मिळवले की एकशेवीस घालवले?
तिनं मला विचारलं. मी नऊ वर्षांची.
मी बोटं मोजली. हातचा विसरले.

दुसऱ्या दिवशी तिनं पोती सालासकट विकली
जलाल-आबादच्या एर्किनबेकला.
शेजारणीला मात्र म्हणाली, तू फोड.
तुला शिवता येत नाही, तुझी रात्र नुसतीच जाते,
तुझे ऐंशी हे खरेच ऐंशी.
अक्रोड तेच, झाड तेच, भाव तोच,
आणि दोघींची उत्तरं वेगळी,
दोन्ही बरोबर.
गुलसारा बाईंच्या पुस्तकात असं गणित नव्हतं.

मग अब्बांनी ओशहून मशीन आणलं.
चार हजार सोम. हँडल फिरवा, अक्रोड आत, गर बाहेर.
बाहेर यायचा तो भुगा.
अब्बा हट्टाला पेटले, रोज फिरवायचे,
चार हजार वसूल तर झाले पाहिजेत!
आईनं हँडलवर हात ठेवला.
चार हजार गेले.
फिरवलंस तरी गेले, नाही फिरवलंस तरी गेले.
आजपासून पुढचं बोल.
ते काहीच बोलले नाहीत.
मशीन भंगारात तीनशे पन्नासला गेलं,
आणि पुढच्या मार्चात अब्बा रशियाला.

आधी दर शुक्रवारी फोन. मग महिन्यातून.
मग आईच करायची, पंधरा सोमचा रिचार्ज मारून,
टपरीच्या पायरीवर उभी राहून,
कारण रेंज तिथेच.
रिंग वाजायची. वाजत राहायची.

मी तेव्हा पंधरा वर्षांची, शहाणी, निर्दय.
म्हटलं, आई, मशीनचं आठवतं?
गेलेलं गेलं, तूच म्हणायचीस.
बारा वर्षांचा संसार वसूल करतेयस का?

तिनं फोन पदरात गुंडाळला.
ती म्हणाली, झुलहुमोर, बारा वर्षं मी धरलीच नाहीत.
माझा हिशेब एवढाच:
आजचा एक फोन पंधराला.
आज उचलला जाण्याची आशा
पंधरापेक्षा जास्त किमतीची आहे का?
आज आहे.
पुढच्या शुक्रवारी पुन्हा मांडेन.

ती दर शुक्रवारी मांडत राहिली.
मी पायरीखाली उभी राहून तिचा चेहरा वाचायचे,
निकाल लागायच्या आत.

त्या वर्षी अक्रोड उशिरा पडले.
ऑक्टोबरातल्या एका शुक्रवारी
ती टपरीवर गेली, पायरी चढली,
आणि पंधरा सोमचा दोरा घेऊन घरी आली.
निळा.
त्या रात्री ती बराच वेळ शिवत होती.