दहा पावलं

पारा सहावर आला की मानवतच्या माळावर
आवाज लांबून येतात.
जिनिंगचा भोंगा, कोल्हा, मानवत रोडवरून जाणारी मालगाडी.
रात्री अडीचला लाइट गेली तेव्हा
आधी ऐकू आलं
बाराशे पिलांचं एकदम गप्प होणं.
मग ओरडणं.

चार दिवसांची पिल्लं.
बल्बखाली गोल करून निजलेली,
ती आता एकमेकांवर चढायला लागली.
खालचं दबून मरतं, वरचं गारठून.

मुंजा जनरेटर ओढत आला शेडच्या दारात.
"कामून आत आणायलास रे?"
"बाहेर दव पडायलंय, मावशी. अन् आत ठिवलं
तर ह्याची ऊबबी लागंल पिलांना."

ऊब.

माझा चुलतदीर असाच मोटारीच्या खोलीत निजला होता,
गव्हाला पाणी द्यायच्या दिवसांत,
थंडी म्हणून दार लावून,
हे असलंच यंत्र उशाला चालू ठेवून.
सकाळी दार तोडलं.
गोधडी छातीपर्यंत, अंगावर ओरखडा नाही,
गाल तर असे लाल, जणू कुणी चिडवलंय.
जनरेटर पेट्रोल संपल्यावर आपला आपण थांबला होता.
त्याला थांबायचं कळत होतं.

हे सगळं सांगायला वेळ नव्हता.
"भाईर," म्हटलं. "माझ्या पावलांनी दहा."

वारं उत्तरेचं,
म्हणून शेडच्या दक्षिणेला.
वर पत्रा, चारी बाजू उघड्या,
धुराचं तोंड रानाकडं.
तुरीला काही होत नाही.

मग चोक.
दोरी एकदा. दोनदा. ऑइल गोठून मधासारखं झालेलं.
चौथ्याला खोकला, सातव्याला धरलं.
मुंजा वायर लावायला वाकला, मी त्याचा हात धरला.
दुकानात यंत्र देताना खाजामियाँ बोलले होते,
"ठंडी में मशीन बुड्ढी हो जाती, बेटी.
उठते बरोबर उसकू काम नको बोलो."

पाच मिनिटं.
बाराशे गळे, आणि आपण उभं राहायचं
एका इंजिनाची झोप उतरायची वाट बघत.
मुंजा माझ्याकडं बघत होता
जशी मीच मारतेय त्यांना.

तेवढ्यात डीपीशेजारच्या खांबावर
बॅटरीचा उजेड हलला.
लिंबाजी लाइनमन. संध्याकाळपासून तिसरा फ्यूज,
कानाला मफलर, तारेत हात.
पाय पळतच बोर्डाकडं गेले.
मेन खाली होतं. मीच पाडलं होतं.
तरी डोळ्यांनी बघितलं,
मग कोरड्या हातानं चाचपून बघितलं.
ते वर राहिलं असतं तर आमचीच वीज
उलटी चालत त्याच्या बोटांपर्यंत गेली असती.

"आक्काऽऽ, तुमचं मेन?"
"खाली हाऽऽय!"
"नक्की?"
माळावर आवाज लांबून येतात.
"नक्कीऽऽ!"

पहिली ओळ पेटवली. थांबले. इंजिन जरा दबलं, सावरलं.
दुसरी. तिसरी.
पिल्लं ढिगातून सुटून
पिवळी, ओली, पुन्हा गोल व्हायला लागली.

साडेचारला टाकी तळाला.
मुंजा कॅन घेऊन आला तो थेट पऱ्हाटीच्या शेकोटीजवळून,
हातात जळकी काडी.
मी काय बोलले ते इथं लिहिण्यासारखं नाही.
काडी विझवली, यंत्र बंद केलं,
पुन्हा अंधार, पुन्हा ओरडा,
आणि आम्ही दोघं गार होणाऱ्या लोखंडाशेजारी
गारठत बसलो.
"लई भित्र्या हाव तुम्ही," तो म्हणाला.
"हाव," म्हटलं.

लाइट आली ती तांबडं फुटल्यावर.
लिंबाजीला कप धरता येईना,
दोन्ही तळव्यांत दाबून प्याला चहा.

सतरा गेली.
मुंजानं टोपलीत मोजली, पुन्हा मोजली,
खड्डा केला, हात धुतले.
मग पत्र्यापासून शेडपर्यंत चालत आला,
ओठ हलवत.
"नऊच भरत्यात, मावशी."

म्हटलं, तुझी पावलं लांब पडतात आता.
मग तुझ्या पावलांनी दहा कर.